मिनिट्समध्ये न आलेला चष्मा

कंपनीच्या बोर्डाची मीटिंग व्हिडिओवर असली की अध्यक्षांना सुरुवातीला हजेरी घ्यावी लागते. नुसतं 'हजर' म्हणून भागत नाही. प्रत्येक संचालकानं चार गोष्टी स्वतःच्या तोंडानं सांगायच्या असतात: आपलं नाव, आपण कुठून बोलतोय ते, अजेंडा आणि त्यासोबतचे सगळे कागद मिळाले आहेत हे, आणि आपण बसलोय त्या ठिकाणी आपल्याखेरीज दुसरं कुणी ही मीटिंग पाहत-ऐकत नाही हे. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पाळलं जातंय की नाही हे बघणं, कंपनी सेक्रेटरी म्हणून, माझ्याकडे.

लॉकडाउनमध्ये आमची पहिली पूर्णपणे व्हिडिओवरची मीटिंग झाली तेव्हा पार्ल्याला राहणारे आमचे एक ज्येष्ठ संचालक कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं, कागद मिळाल्याचं सांगितलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारख्या आवाजात म्हणाले, "या खोलीत माझ्याखेरीज कुणीही नाही." तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, बेसन संपलंय. वाण्याला फोन करताय ना?"

सगळे हसले. मला हसून चालणार नव्हतं, मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, मला लिहायची होती. त्या दिवशी अजेंड्यावर आर्थिक निकाल होते. ते शेअर बाजाराला कळायच्या आधी तिसऱ्याच कुणाच्या कानावर पडले, तर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या लेखी तो गंभीर मामला. बेसन संपल्याचं सांगणाऱ्या बाईंना उपस्थितांत धरायचं का? शेवटी सरांना हेडफोन लावायची विनंती केली, बाईंनी दार ओढून घेतलं आणि मिनिट्समध्ये ते चौथं वाक्य नियमात आहे तसं गेलं.

पुढच्या काळात मला या चौथ्या वाक्याचं नवल वाटायला लागलं. नियम करणाऱ्यांना धास्ती होती ती खोलीत एखादा माणूस जास्तीचा असण्याची. जो माणूस रीतसर हजर आहे तो मीटिंगमध्ये खरंच किती असतो, याची त्यांना चिंता वाटली नव्हती. ती करायची वेळ आमच्यावर आली.

मी डोंबिवलीची. नोकरी फोर्टमध्ये, रसायनं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत. कारखाना कोकणात, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत. बोर्डावर आमचे चेअरमन, त्यांचे चिरंजीव, काही स्वतंत्र संचालक आणि ज्यांच्याकडून आम्ही तंत्रज्ञान घेतलं त्या जर्मन कंपनीचे एक प्रतिनिधी. वर्षातून किमान चार मीटिंगा घ्याव्याच लागतात आणि दोन मीटिंगांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

जुन्या पद्धतीत या सगळ्यांना एका लंबगोल टेबलाभोवती आणून बसवायचं, हेच मोठं काम होतं. १९५६ च्या कंपनी कायद्यात लागोपाठ तीन मीटिंगांना रजा न घेता गैरहजर राहणाऱ्या संचालकाचं पद जायची तरतूद होती, म्हणून मी रजेच्या अर्जांची फाइल डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. जर्मन साहेब वर्षातून एखाददुसऱ्या मीटिंगला विमानानं यायचे, बाकीच्या वेळी त्यांचा अर्ज. मग २०११ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं परिपत्रक काढून व्हिडिओनं भाग घ्यायला वाट मोकळी केली आणि २०१३ च्या कायद्यानं ती पक्की केली. व्हिडिओवरचा संचालक कोरममध्ये, म्हणजे मीटिंगला लागणाऱ्या किमान हजेरीत, मोजला जाऊ लागला. आमच्याकडे मात्र ही तरतूद बरीच वर्षं कागदावरच राहिली. चेअरमनसाहेबांचं म्हणणं ठरलेलं: "मॅडम, माणूस समोर असला की बरं."

तेव्हा मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटायचं. ते बोर्डरूममध्ये काय करतात हे मी पाहत होते, पण त्याकडे काम म्हणून पाहत नव्हते. साहेब बोलणाऱ्याकडे फारसं बघतच नसत. कुणीतरी प्रेझेंटेशन देतोय, बाकीचे पडद्याकडे बघताहेत, आणि साहेबांची नजर टेबलाच्या कडेनं फिरतेय. कोण कागद उलटा ठेवतोय, कोण शेजारच्याकडे बघतोय, कुणी बिस्किट हातात घेऊन खाल्लंच नाही. चहा आणणारे आमचे मामासुद्धा यात तरबेज होते. कप भरलेले परत आले की पॅन्ट्रीत मला विचारायचे, "काय मॅडम, आत तापलंय वाटतं?"

व्हिडिओवरची हजेरी ही खरी हजेरी का, हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात गेला तो एका मुंबईच्याच खटल्यातून. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई, निकाल १ एप्रिल २००३. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती, ते भारतात यायला तयार नव्हते, पण व्हिडिओवरून साक्ष द्यायला तयार होते. आरोपीच्या 'उपस्थितीत' साक्ष व्हायला हवी असं कायदा म्हणतो, मग उपस्थिती म्हणजे देहानं एका खोलीत असणंच का? न्यायालयानं सांगितलं, तसं नाही. इतकंच म्हणून न्यायमूर्ती थांबले नाहीत. गर्दीनं भरलेल्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यातून साक्षीदार जेवढा दिसेल त्यापेक्षा पडद्यावर कदाचित जास्त नीट दिसेल, असं त्यांनी लिहिलं. त्याचा चेहरा, हावभाव, सगळं दिसेल, आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावता येत असल्यामुळे ते हावभाव आणखी बारकाईनं तपासता येतील.

हा निकाल मी परीक्षेसाठी वाचला होता आणि मला तो फार आवडला होता. अजूनही आवडतो. आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल टेलिफोनच्या, ६४ केबीपीएसच्या सहा लाइनी एकत्र जोडून ३८४ केबीपीएसचं चित्र मिळवायचे दिवस होते ते. त्या काळात इतकं पुढचं बघणं सोपं नव्हतं. फक्त त्या निकालात डोळ्यांसमोर होता तो एक साक्षीदार, पूर्ण पडद्यावर, प्रश्नांना उत्तरं देणारा. बोलणारा माणूस. आमच्या मीटिंगमध्ये बोलणारा एक असतो आणि ऐकणारे आठ. सगळी भानगड त्या आठांपाशी आहे.

आमच्या स्वतंत्र संचालकांपैकी एक सरकारी बँकेतून निवृत्त झालेले. ऑफिसात आम्ही त्यांना आपसात 'बँकवाले साहेब' म्हणतो. माणूस कमी बोलणारा. आयुष्यभर कर्जाच्या फाइली वाचल्यामुळे कागदातली खोट त्यांना लांबून दिसते, पण चारचौघांत कुणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांची एक लकब होती. एखादा विषय पटला नाही की ते चष्मा काढायचे, घडी घालायचे आणि समोरच्या कागदावर ठेवायचे. बस्स. चेअरमनसाहेबांना तेवढं पुरायचं. ते म्हणायचे, "हा विषय जरा पुढच्या मीटिंगला घेऊ, तोवर अजून आकडे मागवू." चहाच्या वेळी दोघं खिडकीपाशी उभे राहायचे, पाच मिनिटं काहीतरी बोलायचे, आणि पुढच्या मीटिंगला तो प्रस्ताव एकतर बदलून यायचा किंवा यायचाच नाही. मिनिट्समध्ये मी लिहायचे: 'विषय पुढील बैठकीपर्यंत स्थगित.' या चार शब्दांत ना चष्मा होता, ना खिडकी.

व्हिडिओवरच्या अशाच एका मीटिंगमध्ये उपकंपनीच्या कर्जाला हमी द्यायचा ठराव आला. २०१३ च्या कायद्याच्या कलम १८६ खाली अशा हमीसाठी नुसतं बहुमत चालत नाही, मीटिंगला हजर असलेल्या सगळ्या संचालकांची संमती लागते. एक जण 'नाही' म्हणाला की ठराव पडला. फायनान्सच्या साहेबांनी स्क्रीन शेअर केली. एक्सेलचा तक्ता पसरला आणि माणसं उजव्या कडेला पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. त्यातली चारच दिसत होती, बाकीची बाण दाबल्यावर पुढच्या पानावर. माझ्याकडे हजेरीसाठी दुसरा लॅपटॉप असतो, त्यावर मी सगळ्यांचे चौकोन उघडे ठेवते. तिथे मला बँकवाल्या साहेबांनी चष्मा काढलेला दिसला. घडी घातलेली दिसली. चेअरमनसाहेबांना दिसणं शक्य नव्हतं, ते तक्ता बघत होते, आणि तक्त्याकडे बघण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतंही.

"कुणाची काही हरकत?" साहेबांनी विचारलं. कुणी बोललं नाही. "मग मंजूर."

कुणी म्हणेल, तुम्ही सांगायचं की. पण कंपनी सेक्रेटरीनं बोर्डात काय सांगायचं याची एक चौकट आहे. 'सर, फलाण्या संचालकांनी चष्मा काढलाय' हे त्या चौकटीत कुठेच बसत नाही. मी कच्ची मिनिट्स पंधरा दिवसांच्या आत सगळ्यांना पाठवली. दुरुस्ती सुचवायला नियमानं सात दिवस असतात. त्यांच्याकडून काही आलं नाही.

काही महिन्यांनी उपकंपनीचा एक हप्ता लांबला आणि विषय पुन्हा बोर्डापुढे आला. बँकवाले साहेब म्हणाले, "मला तेव्हाच हे पटलेलं नव्हतं."

चेअरमनसाहेब खरोखरच चकित झाले. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"मी चष्मा काढून ठेवला होता."

मला आठवतंय, ते हे इतकं सरळपणे म्हणाले की जणू त्यांनी लेखी विरोध नोंदवला होता. आणि त्यांच्या हिशेबानं नोंदवला होताच. इतकी वर्षं तो चालला होता. साहेबांनी मला रेकॉर्डिंग काढायला सांगितलं. त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ते जपून ठेवावं लागतं, त्यामुळे होतं. मी लावलं. तक्ता, तक्ता, तक्ता, आणि वरच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं छोटं चित्र. जो बोलतोय त्यालाच पकडायचं, अशी ती रेकॉर्डिंगची मांडणी होती. बँकवाले साहेब त्या विषयावर काही बोलले नव्हते, म्हणून त्या विषयाच्या संपूर्ण चर्चेत ते कुठेच नव्हते. नऊ जणांची हजेरी, सगळ्यांची संमती, आणि रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस नाहीच. पुन्हा लावून हावभाव तपासता येतील म्हणणारे न्यायमूर्ती मला त्या वेळी आठवले. बोलणाऱ्याचे येतात तपासता.

याला तंत्रज्ञानाची बाजू आहे, आणि ती मी आमच्या आयटीच्या मुलाकडून थोडी आणि वाचून थोडी समजून घेतली. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्यानं तोंड उघडायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास झाला होता, त्यात भाषेभाषेत थोडाफार फरक आढळला तरी सगळ्या या आकड्याच्या आसपासच निघाल्या. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघतच नाही, संपणार कधी याचा अंदाज घेत आधीच तयार असतो. फोनच्या जाळ्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलीसेकंदांच्या आत पोचावा असं म्हटलं आहे. त्यापलीकडे गेलं की हा अंदाज चुकायला लागतो. जर्मनीहून येणारा आवाज, त्यात घरचं वायफाय, त्यात आवाज स्वच्छ करायला सॉफ्टवेअर घेतं तो वेळ. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, 'नाही नाही, तुम्ही बोला' होतं. असं दोनदा झालं की भिडस्त माणूस तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

त्यातून हे सॉफ्टवेअर आवाज गाळतं. पंखा, कुकरची शिट्टी, कीबोर्डची टकटक, हे गाळायलाच ते केलेलं आहे. पण मराठी माणसाचा अर्धा विरोध शब्दांत नसतोच. 'च्च' करणं, घसा खाकरणं, 'हंऽ' लांबवणं, खुर्ची मागे ढकलणं. बोर्डरूममध्ये एखाद्या 'च्च'नं अख्खा प्रस्ताव लंगडा झालेला मी पाहिला आहे. त्यात सगळे म्यूटवर बसणार, कारण तोच शिष्टाचार. मग उरतो तो फक्त पूर्ण वाक्यात, बटण दाबून, आपलं नाव सांगून केलेला विरोध. नियम अगदी तसंच म्हणतो, बोलण्याआधी प्रत्येकानं नोंदीसाठी आपली ओळख सांगावी. आमच्या बँकवाल्या साहेबांनी बटण दाबून, नाव सांगून, 'माझा विरोध आहे' म्हणावं ही अपेक्षा कागदावर बरोबर आहे. ते चेअरमनसाहेबांच्या मुलीच्या लग्नात पंक्तीला आग्रह करत फिरलेले गृहस्थ आहेत हो.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर अन्याय होईल. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. एका दूरसंचार कंपनीच्या पाच देशांतल्या इंजिनिअरांच्या जोड्या केल्या, काही समोरासमोर, काही व्हिडिओवर. व्हिडिओवाल्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या. नजर पडद्याला चिकटून राहते, इकडेतिकडे भटकत नाही, आणि डोकंही मग भटकत नाही, असं कारण त्यांनी मांडलं. पण सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात व्हिडिओवाले मागे नव्हते. बोर्डाचं काम तर निवडायचंच आहे, नवं काही सुचवायचं नाही, असं म्हणून चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांनी हा अभ्यास मला पाठवला. मुद्दा बिनतोड आहे. माझं म्हणणं इतकंच, त्या जोड्यांत दोघंच होते आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचा मिंधा नव्हता.

कायद्यालाही पूर्वी काहीतरी जाणवलं असावं. २०१४ च्या नियमांत व्हिडिओवर घ्यायचेच नाहीत अशा विषयांची यादी होती: वार्षिक हिशेब, संचालकांचा अहवाल, प्रॉस्पेक्टस, विलीनीकरण, हिशेबांवरची ऑडिट कमिटीची मीटिंग. आम्ही सेक्रेटरी मंडळी या यादीवर वैतागायचो. १९ मार्च २०२० ला ती तात्पुरती शिथिल झाली, मुदती वाढत गेल्या आणि १५ जून २०२१ ला तो नियमच वगळला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. हमीचा विषय त्या यादीत कधीच नव्हता, तेव्हा यादी राहिली असती तरी आमचा चष्मा वाचला नसता, हे कबूल. पण काही गोष्टी ठरवताना माणसांनी एका हवेत बसावं, असं कुणाला तरी एकेकाळी वाटलं होतं आणि ते अगदीच खुळं नव्हतं.

हे सगळं वाचून मी व्हिडिओच्या विरोधात आहे असं वाटलं असेल, तर आता एजीएमकडे येते.

एजीएम, म्हणजे भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा, कायद्यानं नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात घ्यावी लागायची. म्हणजे आमची मुंबईत. बिर्ला मातोश्री सभागार, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान, असली सभागृहं ऑगस्ट-सप्टेंबरात कंपन्यांनी भरून जायची. भागधारक नागपूरचे, सांगलीचे, इंदूरचे, पण समोर खुर्च्यांत बसलेले दरवर्षी तेच, चर्चगेट ते बोरिवली पट्ट्यातले. निवृत्त मंडळी, सकाळी एका कंपनीची सभा, दुपारी दुसरीची. भेटवस्तू द्यायला २०१५ पासून सेक्रेटेरियल स्टँडर्डनं, म्हणजे सभांसाठीच्या ठरीव नियमावलीनं, बंदी आणली तरी खाण्याचा बॉक्स राहिला होता. सामोसा, वेफर्स, काजू कतली. बॉक्स संपले तर सभागृहाबाहेर जो गोंधळ व्हायचा तो निम्म्यानं घसरलेल्या नफ्यावरही कधी झाला नाही. मला या लोकांविषयी माया आहे. ताळेबंद कोळून प्यालेले त्यांच्यात होते. पण 'आदरणीय चेअरमनसाहेब, आपके नेतृत्व में' अशी सुरुवात करून शेवटी कारखाना बघायची सहल मागणारे त्याहून जास्त होते.

एप्रिल-मे २०२० मधल्या परिपत्रकांनी सभा व्हिडिओवर घ्यायला परवानगी मिळाली, मग ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली. अटी होत्या. किमान हजार भागधारकांना जोडता आलं पाहिजे. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी दार उघडायचं आणि वेळ झाल्यावरही पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं. रेकॉर्ड झालेलं सगळं शब्दशः उतरवून वेबसाइटवर टाकायचं. ही शेवटची अट मी नुसती वाचून सोडून दिली होती, तिचं मोल मला पुढे कळलं.

अशाच एका सभेत कोकणातल्या खेड तालुक्यातून एक बाई जोडल्या गेल्या. निवृत्त शिक्षिका, सासऱ्यांनी कधीतरी घेतलेले थोडेसे शेअर नावावर. बोलायचं म्हणून आधी रीतसर ईमेल करून नोंद केलेली. मोबाइल पडवीत कशाला तरी टेकवून ठेवला होता, मागे कोंबडा ओरडत होता, कौलं दिसत होती. त्यांनी विचारलं, "नमस्कार. मराठीत बोलले तर चालेल ना?"

चेअरमनसाहेब घरी गुजराती बोलणारे, पण जन्म गिरगावातला. म्हणाले, "बोला ना ताई."

"पहिल्या पावसात आमच्या व्हाळाला फेस येतो. तो तुमच्याच कारखान्याचा, असं मी म्हणत नाही, आणखीही कारखाने आहेत. पण तुमच्या अहवालात छापलंय की तुम्ही पाणी बाहेर सोडतच नाही. मग त्या पाण्याचं होतं काय, ते मला जरा समजावून सांगा."

सभागृहातल्या सगळ्या सभा मी पाहिल्या आहेत. असा प्रश्न तिथे कधी आला नाही, कारण हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना रात्रीच्या गाडीनं मुंबईला येऊन, दादरला उतरून, सभागृह शोधून परत जाणं परवडत नाही. साहेबांनी उत्तर कारखान्याच्या प्रमुखांकडे दिलं. ते बाष्पीभवन, पुनर्वापर असं सांगू लागले. बाईंनी मध्येच विचारलं, "आणि टाकी भरली तर?" इथे आवाज पोचायला वेळ लागला म्हणून नव्हे, पण बराच वेळ कुणी बोललं नाही.

सभेनंतर शब्दांकन करणाऱ्या एजन्सीकडून मसुदा आला. इंग्रजी बोलणाऱ्यांचं सगळं उतरवलेलं. बाईंच्या जागी कंसात एकच ओळ, 'वक्त्या स्थानिक भाषेत बोलतात'. मी तो परत पाठवला. आमच्याकडे मराठी टाइप करणारा माणूस नाही म्हणाले. मग मीच डोंबिवलीच्या घरी बसून रेकॉर्डिंग ऐकत ऐकत त्यांचं बोलणं देवनागरीत उतरवलं, व्हाळ, फेस आणि टाकी सकट, आणि ते वेबसाइटवर चढलं. जुन्या पद्धतीत याच प्रसंगाचं माझ्या हातून एकच वाक्य झालं असतं: 'भागधारकांच्या प्रश्नांना अध्यक्षांनी समर्पक उत्तरं दिली.'

ऑनलाइन सभेला सगळंच गोडगोड आहे असं नाही. म्यूटचं बटण कंपनीच्या हातात असतं. सभागृहात माइक धरून बसलेल्या अडचणीच्या माणसाला खाली बसवायला चार जणांना उठावं लागायचं आणि सगळी सभा ते बघायची. आता 'सर, आपला आवाज येत नाहीये, पुढच्या वक्त्यांकडे जाऊ या' म्हटलं की झालं. सगळीकडे प्रत्येक वेळी आवाज खरोखरच गेलेला असतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि मुंबईची ती म्हातारी मंडळी हिरमुसली. एक काका मला अजूनही फोन करतात, "मॅडम, मीटिंग लॅपटॉपवर तर लॅपटॉपवर, बॉक्स कुरिअरनं पाठवा." त्यांना भागधारकांचे प्रश्न नको असायचे, त्यांना ती दुपार हवी असायची. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर दोन सभा, यंत्र एकच. एजीएमला जे लोक आजवर दारापाशीही पोचत नव्हते ते आत आले, आणि बोलले ते अक्षरशः नोंदलं गेलं. बोर्डात जे आतच होते, न बोलता ज्यांचं भागत होतं, ते कडेच्या चौकोनात गेले. व्हिडिओ चांगला की वाईट असं मला कुणी विचारलं, तर मी आधी विचारते की त्या मीटिंगमध्ये गप्प बसणारा माणूस कोण आहे.

बोर्डापुरता एक इलाज आम्ही केला. एखाद्या ठरावाला हरकत आली आणि मतं घ्यायची वेळ आली, तर अध्यक्षांनी एकेकाचं नाव घेऊन मत विचारावं असा नियम आहेच. मी सुचवलं की हमी, कर्ज आणि मोठी खरेदी या विषयांवर हरकत आली नाही तरी नावं घ्यावीत. स्क्रीन शेअर बंद करायची, चेहरे मोठे करायचे आणि मग विचारायचं. साहेबांनी मान्य केलं. मीटिंगा लांबल्या. बँकवाल्या साहेबांचं नाव पुकारल्यावर ते पहिल्या वेळी म्हणाले, "मी... थोडे अजून आकडे बघून सांगितलं तर?" चिरंजीवांनी घड्याळाकडे बघितलं. विषय पुढे ढकलला.

यंदा एजीएम पुन्हा सभागृहात घ्यायची, असं चेअरमनसाहेबांच्या मनात आहे. माणूस समोर असला की बरं, हे कारण आहेच. खेडच्या बाई आता दरवर्षी नोंद करतात, हेही असेल, ते कुणी बोलून दाखवलेलं नाही. माझी टिपणी उलटी आहे: एजीएम व्हिडिओवरच राहू द्या, वाटल्यास जोडीला सभागृहही घ्या, आणि बोर्डाच्या ज्या मीटिंगांत बजेट आणि हमी असेल त्या टेबलाभोवती घ्या, जर्मन साहेबांच्या तिकिटासकट. फायनान्सनं त्यावर पेन्सिलीनं 'खर्च?' लिहून परत पाठवली आहे. एजीएमची नोटीस निदान एकवीस दिवस आधी जावी लागते आणि आमची सभा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असते, तेव्हा ऑगस्ट लागताच हे ठरवावं लागेल. विषय जुलैच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घातला आहे. ती मीटिंग व्हिडिओवर आहे.